सात वर्षांचा हिशोब : मेरी ब्रायंट



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही वाचन घडले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, नाहीतर ग्रंथालयाच्या बाकावर. त्या वाचनात मला एक बाई भेटली. युनियन हा शब्द तिने कधी ऐकला नसेल. स्वतःचे नावसुद्धा तिला लिहिता येत नव्हते. पण कामगारांची बाजू मांडताना जो प्रश्न रोज माझ्यापुढे येऊन उभा राहतो, तोच तिच्या आयुष्याच्या मुळाशी आहे. तिचे नाव मेरी ब्रायंट. इंग्लंडातून ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेल्या कैद्यांच्या पहिल्या ताफ्यात ती होती.

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान येते. अंदमानची कैदी वसाहत सुरू झाली १८५८ साली. त्याच्या सत्तर वर्षे आधी याच राज्यकर्त्यांनी स्वतःच्या देशातल्या गोरगरिबांवर हा प्रयोग करून पाहिला होता. पूर्वी इंग्लंडातले कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवीत. १७७६ साली त्या वसाहतींनी स्वातंत्र्य पुकारले आणि तो दरवाजा बंद झाला. तुरुंग तुडुंब भरले, तेव्हा मोडीत निघालेली जहाजे बंदरात उभी करून त्यांत कैदी कोंडू लागले. शेवटी १७८६ साली ठरले की, ही माणसे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. १७८८ पासून १८६८ पर्यंत सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी ऑस्ट्रेलियात नेले गेले. त्यांत बायका होत्या सुमारे पंचवीस हजार.

मेरीचे माहेरचे आडनाव ब्रॉड. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तिथल्या फोवी या बंदरगावात १७६५ साली तिचा बाप्तिस्मा झाला. बाप दर्यावर्दी. वयाच्या विशीत ती प्लिमथ शहरात होती. तिथे आणखी दोघी जणींबरोबर तिने एका बाईला वाटेत अडवले आणि तिची रेशमी टोपी व काही चीजवस्तू हिसकावून घेतली. २० मार्च १७८६ रोजी एक्झिटर येथील न्यायालयाने तिला दोषी ठरवले. वाटमारीला त्या वेळी एकच शिक्षा होती, फाशी. पुढे ती सौम्य करून सात वर्षांची हद्दपारी दिली.

मेरी निर्दोष होती असे सांगायला मी आलेलो नाही. तिने चोरी केली. ज्या बाईला तिने लुबाडले ती कोणी जमीनदारीण होती असेही नाही. रस्त्याने जाणारी ती एक सामान्य बाई होती आणि तिचे नुकसान झाले हे खरेच. माझा मुद्दा निराळा आहे. शिक्षा ठरली सात वर्षांची. म्हणजे मेरीने सात वर्षे द्यायची, आणि सात वर्षे भरली की तिचे देणे फिटले. हा सौदा न्यायालयाने केला, मेरीने केला नाही. तेव्हा तो पाळण्याची जबाबदारी न्यायालयाच्या सरकारवर तेवढीच होती. तुम्ही २० मार्च १७८६ ही तारीख लक्षात ठेवा. आपल्याला पुढे तिची गरज पडणार आहे.

पहिला ताफा अकरा जहाजांचा. त्यांत साडेसातशेच्या आसपास कैदी होते. १३ मे १७८७ रोजी तो पोर्ट्समथहून निघाला. मेरी होती ‘शार्लट’ जहाजावर. वाटेत तिला मुलगी झाली, तिचे नाव जहाजावरूनच शार्लट ठेवले. आठ महिन्यांच्या प्रवासानंतर जानेवारी १७८८ मध्ये जहाजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागली आणि २६ जानेवारीला सिडनीच्या खाडीत निशाण उभारले गेले. ती जमीन ओसाड नव्हती. गडिगल लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होते. त्यांना कोणी विचारले नाही. पुढच्याच वर्षी, १७८९ साली, देवीची भयंकर साथ येऊन त्यांतले कितीतरी लोक मेले. कैद्यांची कहाणी सांगताना ही दुसरी कहाणी झाकून ठेवू नये, म्हणून एवढे सांगितले.

बायका जहाजांवरून उतरल्या ६ फेब्रुवारीला. १० फेब्रुवारीला मेरीने विल्यम ब्रायंट या कैद्याशी लग्न केले. विल्यमही कॉर्नवॉलचाच, जातिवंत कोळी. १७८४ साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली होती. वसाहतीला अन्नाची वानवा होती आणि जाळे टाकणारा माणूस सोन्याच्या मोलाचा होता. गव्हर्नर फिलिपने सरकारी मासेमारी विल्यमच्या हाती सोपवली. नवराबायकोला राहायला स्वतंत्र झोपडी मिळाली. पुढे विल्यमने पकडीतली काही मासळी परस्पर विकली. १७८९ साली ते उघडकीस आले. त्याला शंभर फटके मारले आणि झोपडीतून बाहेर काढले. पण मासेमारीवरून मात्र काढले नाही! असा हुशार कारागीर दुसरा कुठून आणणार? कारखान्यातला अनुभव असणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. शिक्षा माणसाला करायची आणि हात तेवढे कामावर ठेवायचे.

आता भुकेचा हिशोब ऐका. सुरुवातीला बायकांना पुरुषांच्या दोनतृतीयांश शिधा मिळे. शेती नीट पिकेना. रसद घेऊन येणारे ‘गार्डियन’ जहाज डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आदळले. मार्च १७९० मध्ये ‘सिरियस’ फुटले. एप्रिलमध्ये आठवड्याचा शिधा अडीच रत्तल पीठ, दोन रत्तल तांदूळ आणि दोन रत्तल खारवलेले डुकराचे मांस एवढ्यावर आला. रत्तल म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे कमी. तेव्हा मात्र बाई आणि बाप्या यांचा वाटा सारखा झाला. समता आली ती अशी उपासमारीच्या पंगतीला! मेरीचा मुलगा इमॅन्युएल याच दिवसांत जन्माला आला.

जून १७९० मध्ये कैद्यांचा दुसरा ताफा आला. त्याचा ठेका गुलामांच्या व्यापारातल्या एका पेढीला दिला होता. पैसे ठरले होते जहाजावर चढविलेल्या माणसामागे, जिवंत उतरविलेल्या माणसामागे नव्हे. सुमारे एक हजार कैदी चढले, त्यांतले अडीचशेहून अधिक वाटेतच मेले. ठेक्याचा कागद कसा लिहिला आहे यावर माणसांचे जगणे-मरणे ठरते, हे मला कोणी वेगळे शिकवायला नको. पुढे या वसाहतीला धान्य पुरवायला हिंदुस्थान धावून आला. ‘अटलांटिक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून तांदूळ, सोजी आणि डाळ घेऊन जून १७९२ मध्ये सिडनीला पोचले. तोपर्यंत मेरी तिथून निघून गेली होती.

ती का निघाली, हाच माझ्या व्याख्यानाचा गाभा आहे.

सरकारने पहिल्या ताफ्याबरोबर कैदी पाठवले, पहारेकरी पाठवले, बेड्या पाठवल्या. कोणत्या कैद्याची शिक्षा किती आणि ती केव्हा संपते याचे कागद मात्र पाठवले नाहीत. ते इंग्लंडातच राहिले. त्यामुळे एखाद्याची मुदत भरली आणि तो म्हणाला, “आता मला सोडा,” तर गव्हर्नरचे उत्तर एकच, “माझ्याजवळ कागद नाही.” कागद यायचा म्हणजे जहाज जाणार, जहाज येणार, दोन वर्षे गेली. तोवर काम चालूच. जॉन कलीहॉर्न नावाच्या कैद्याने जुलै १७८९ मध्ये आपली मुदत संपल्याचा दावा केला. बोलण्याच्या भरात त्याने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावावर काही विधान केले, ते बदनामीचे ठरवले गेले. सहाशे फटके आणि सहा महिने पायांत बेड्या, हे त्याला मिळाले. त्याची मुदत खरोखरच भरलेली होती.

मंडळी, मी तीस वर्षे हजेरीपटाशी झगडतो आहे. एक झाडूवाली बाई अकरा वर्षे एकाच आवारात कामाला होती. ठेकेदार तीन झाले, बाई तीच, झाडू तोच. काम सुटल्यावर हक्काचे पैसे मागायला गेली, तर सांगण्यात आले, “तुमचे नाव मस्टरवर नाही.” तिने एक दिवस खाडा केला तर तो मात्र दर महिन्याला बरोबर सापडायचा. खाड्याची नोंद असते आणि हजेरीची नसते, असे मस्टर तुम्ही कधी पाहिले आहे का? मी पाहिले आहे. म्हणून सिडनीतल्या त्या हरवलेल्या कागदांविषयी वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. मेरीने नेलेल्या टोपीची नोंद न्यायालयाच्या दप्तरात आजही सापडते. तिच्या मुदतीची नोंद मात्र हवी तिथे, हवी तेव्हा नव्हती. येणे लिहून ठेवायचे, देणे विसरायचे. या विसराळूपणात एक शिस्त असते.

मार्च १७९१ मध्ये, विल्यमच्या हिशोबाप्रमाणे, त्याची सात वर्षे भरत होती. पुरुषाची मुदत मान्य झाली तर तो एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून चाकरी करून मायदेशी जाऊ शके. बाईला खलाशी म्हणून कोण घेणार? तिच्यापाशी भाड्याला पैसे कुठले? म्हणजे बाईच्या सात वर्षांचा अर्थ जन्मठेपच. मेरीला मागे उरायचे नव्हते.

बंदरात एक डच जहाज आले होते. त्याच्या कप्तानाकडून ब्रायंटने होकायंत्र, कोनमापक यंत्र, सागरी नकाशा आणि बंदुका मिळवल्या. धान्य थोडे थोडे साठवले. होडी होती खुद्द गव्हर्नरची, सहा वल्ह्यांची. फेब्रुवारीत ती वाऱ्याने उलटली होती, तेव्हा सरकारी खर्चानेच दुरुस्त झाली होती. २८ मार्च १७९१ रोजी ते डच जहाज बंदर सोडून गेले. पाठलागाला आता एकही मोठे जहाज उरले नाही. त्याच रात्री अकरा जणांनी होडी लोटली. विल्यम, मेरी, साडेतीन वर्षांची शार्लट, वर्षाचा इमॅन्युएल आणि आणखी सात कैदी. बरोबर शंभर रत्तल पीठ, शंभर रत्तल तांदूळ, चौदा रत्तल मांस आणि आठ गॅलन पाणी.

या प्रवासाची हकीकत त्या सातांपैकी जेम्स मार्टिन याने लिहून ठेवली. ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जपून ठेवलेली आहे. साहेबांनी लिहिलेल्या रोजनिशा पुष्कळ आहेत. कैद्याने स्वतः सांगितलेली हकीकत ही जवळजवळ एकटीच. तीत काय आहे? आजच्या न्यूकॅसलच्या आसपास त्यांना जळाऊ कोळसा सापडला. पुढे तिथेच कोळशाच्या खाणी निघाल्या. होडी गळू लागली तेव्हा फटींत साबण भरून तिची डागडुजी केली. वादळात होडी हलकी करण्यासाठी अंगावरचे जास्तीचे कपडे समुद्रात टाकले. कुठे किनाऱ्यावरच्या लोकांनी चांगले वागवले, कुठे त्यांच्या होड्यांनी पाठलाग केला. साऱ्या किनाऱ्याला वळसा घालून, मोठी सामुद्रधुनी ओलांडून ५ जून १७९१ रोजी ते टिमोर बेटावरच्या कुपांग या डच बंदरात पोचले. एकोणसत्तर दिवस, सव्वातीन हजार मैल, आणि अकरापैकी एकही माणूस गमावले नाही. दोन तान्ह्या लेकरांना उघड्या होडीत एवढे दिवस जगवणे म्हणजे काय, हे इथे बसलेल्या बायाबापड्यांना मी सांगायला नको.

याच कुपांगला दोन वर्षे आधी आणखी एक होडी लागली होती. ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले आणि कप्तान ब्लाय याला अठरा माणसांसह होडीत सोडून दिले. तोही हजारो मैल वल्हवत याच बंदरात आला. मायदेशी त्याचा जयजयकार झाला, बढती मिळाली. ब्रायंटच्या होडीचा पराक्रम काय कमी होता? पण ते ठरले फरारी. आपण फुटलेल्या जहाजातले उतारू आहोत असे त्यांनी डच गव्हर्नरला सांगितले. काही आठवडे बरे गेले. मग बिंग फुटले. त्यातच ‘बाउंटी’च्या बंडखोरांना पकडायला निघालेला कप्तान एडवर्ड्स तिथे आला. त्याने या सर्वांना बेड्या घालून बटेव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला नेले. तिथल्या तापाच्या हवेत १ डिसेंबर १७९१ रोजी इमॅन्युएल गेला. २२ डिसेंबरला विल्यम गेला. पुढच्या प्रवासात आणखी तिघांचा अंत झाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी त्यांना ‘गॉर्गन’ जहाजावर चढवले. ६ मे १७९२ रोजी शार्लट गेली. जहाजावर जन्मलेली मुलगी, जहाजावरच मेली. तिला दर्यातच सोडले. तिच्यावर कोणता खटला होता? तिची मुदत किती वर्षांची होती?

जून १७९२ मध्ये मेरी आणि चार पुरुष इंग्लंडला पोचले. हद्दपारीतून पळून परत येणाऱ्याला कायद्याने फाशी होती. पण त्यांची हकीकत वर्तमानपत्रांत आली, लोकांचे मन हेलावले. न्यायालयाने फाशी दिली नाही. आधीची शिक्षा पुढे चालू, एवढाच हुकूम केला आणि त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात ठेवले. आता जेम्स बॉस्वेल या कहाणीत येतो. डॉक्टर जॉन्सन यांचे चरित्र लिहिणारा तो प्रसिद्ध लेखक आणि वकील. त्याने गृहमंत्री डंडास यांच्याकडे खेटे घातले, पत्रे लिहिली. अखेर २ मे १७९३ रोजी मेरीला माफी मिळाली. बॉस्वेलने स्वतःच्या खिशातून तिला वर्षाला दहा पौंड लावून दिले. ती फोवीला आपल्या माणसांत परत गेली. पैसे पोचल्याच्या पावतीवर तिच्या नावाची फक्त दोन आद्याक्षरे असत.

बॉस्वेलला मी कमी लेखत नाही. एका कंगाल कैदी बाईसाठी त्या काळात एवढी धडपड करणारे किती असतील? त्याचे भले असो. पण आता ती पहिली तारीख आठवा. शिक्षा झाली २० मार्च १७८६ रोजी. सात वर्षे भरली २० मार्च १७९३ रोजी. आणि माफी मिळाली २ मे १७९३ रोजी, म्हणजे मुदत संपून त्रेचाळीस दिवस झाल्यावर! ज्या दिवशी राजाने तिला दया दाखवली, त्या दिवशी तिचे काहीही देणे उरले नव्हते. उलट सरकारच तिचे त्रेचाळीस दिवसांचे देणेकरी होते. हक्क होता तो दयेच्या कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवला, आणि तिने हात जोडून तो घेतला.

याला तुम्ही शब्दांचा खेळ म्हणाल. मी म्हणतो, साऱ्या चळवळीचे सार या फरकात आहे. ‘ग्रॅच्युइटी’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच खुशीने दिलेली बक्षिसी. मालकाच्या मनात आले तर दिली, नाही आले तर नाही. १९७२ साली कायदा झाला आणि शब्द तोच राहून अर्थ पालटला. त्या बक्षिसीचे देणे झाले. १९६५ च्या कायद्याने बोनसचेही तेच झाले. रक्कम किती वाढली हा प्रश्न पुढचा. पण घेणाऱ्याची मान वर झाली. बक्षिसी घेताना माणूस वाकतो, येणे वसूल करताना तो मोजून घेतो. आणि दया दुसऱ्याच्या आयुष्यावर अवलंबून असते. १७९५ साली बॉस्वेल वारला. त्यानंतर खात्रीने मेरीची म्हणता येईल अशी एकही नोंद सापडत नाही. दयाळू माणूस गेला की दयाही जाते. कायद्याचे देणे देणाऱ्याबरोबर मरत नाही.

मेरीजवळ संघटना नव्हती. कलीहॉर्न एकटा बोलला, त्याला फटके बसले. शंभर जणांनी मिळून “आमचे कागद आणा” म्हटले असते तर काय झाले असते, हे इतिहास सांगत नाही. पण अकरा जण एकत्र आले तेव्हा एका होडीने सव्वातीन हजार मैल पाणी कापले, हे इतिहासात लिहिलेले आहे.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. तुमच्या घरी कामाला येणारी बाई असो, बांधकामावरचा मजूर असो, की ठेकेदाराकडचा पहारेकरी असो. तो कामावर कधी लागला, किती दिवस भरले, काय ठरले, काय दिले, याचा कागद त्याच्या हातात असू द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लिहून द्या. आणि त्याचे पैसे देताना उपकार केल्याचा चेहरा करू नका. मेरी ब्रायंटला तिच्या आयुष्यात हिशोब मागता आला नाही. आपण निदान तो दुसऱ्या कोणाचा चुकवू नये.